माझा ओठ आणि आबांचा जिताडा

मी घर सोडलं त्या सकाळी माझ्या हातावर दही आत्यानं घातलं. आई घरात होती, पण मागच्या पडवीत, चुलीपाशी. बाहेर निघालेल्या माणसाला तिचा हात लागू द्यायचा नाही, असा आमच्याकडचा कायदा. तो कोणी केला हे विचारायची सोय नव्हती. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तिचं सासर गावातच, पलीकडच्या आळीत, त्यामुळे माहेर असं तिनं कधी सोडलंच नाही. "संबाळून जा गो," ती म्हणाली. दह्यात साखर नावालाच होती.

बाबा कंपनीतली शिफ्ट बदलून घेऊन मला निडीच्या स्टेशनावर सोडायला आले. रोह्याहून दिव्याची गाडी आली, मी चढले, बॅग सीटखाली सरकवली. गाडी हलली तेव्हा फाटकाच्या अलीकडे, तारेच्या कुंपणाआड, आई उभी दिसली. शेताच्या बांधावरून मागच्या मागं आली होती. हात वर केला नाही, नुसती उभी. घर सोडून गेलेल्या तुम्हा सगळ्यांना दारात उभी राहिलेली आई आठवत असेल. मला कुंपणाआडची आठवते, आणि आजही तळपायाची आग मस्तकात जाते.

कारण माझा ओठ. मी जन्मले तेव्हा माझा वरचा ओठ डाव्या बाजूनं नाकापर्यंत दुभंगलेला होता. लहानपणीच ऑपरेशन झालं, चांगलं झालं, आता एक पांढरी रेघ उरलीय आणि हसताना नाक जरा एका बाजूला जातं. मला त्याचं काही वाटत नाही. पण गावात मला 'गिराणाची' म्हणत. गिराण म्हणजे ग्रहण. आई पोटुशी असताना, सातव्या महिन्यात ग्रहण लागलं होतं आणि त्या वेळात तिनं विळीवर मासा कापला. म्हणून पोरीचा ओठ कापला गेला. झालं, निकाल लागला. वकील नाही, साक्षीदार नाही, आणि शिक्षा जन्मभराची.

तो मासा कुठून आला तेही सांगते. आईचं माहेर पेणच्या पलीकडं, खाडीकाठी, खारेपाटात. तिचे वडील, म्हणजे माझे आबा, भाताची शेती करायचे आणि उन्हाळ्यात मिठागरावर जायचे. आमच्या भागात कुणाचा मान राखायचा असेल तर खाडीतला जिताडा हा मासा देतात. पावसाळ्यात भरतीच्या पाण्याबरोबर पिल्लं आत येतात, ती शेताच्या कडेच्या तळ्यात राखतात, आणि चांगला पोसलेला जिताडा जावयाच्या नाहीतर व्याह्याच्या घरी पोचवतात. लेक पोटुशी आहे म्हटल्यावर आबांनी तळ्यातला सगळ्यात मोठा काढला, ओल्या पोत्यात गुंडाळला आणि एसटीनं घेऊन आले. त्या दिवशी ग्रहण आहे हे त्यांच्या डोक्यात नव्हतं. ते मासा ठेवून चहा पिऊन परत गेले.

ग्रहणात शिजवायचं नाही, खायचं नाही. मासा मात्र कुणासाठी थांबत नाही. "वास मारंल, कापून मीठ लावून ठेव," असं आईला आत्यानंच सांगितलं. आईनं मागच्या पडवीत बसून जिताडा कापला, आतून गाभोळी, म्हणजे माशाची अंडी, निघाली, तीही जपून वेगळी ठेवली. ग्रहण सुटल्यावर अंघोळी झाल्या आणि सगळ्यांनी ताव मारला. आत्यानं डोकं खाल्लं. आणि मी जन्मल्यावर, मासा कापायला कोणी सांगितलं होतं, हे मात्र घरात एकाच माणसाच्या लक्षात राहिलं, आणि त्या माणसाला बोलायची परवानगी नव्हती. खाल्ला सगळ्यांनी, दोष तेवढा आईच्या हाताला चिकटला. त्यानंतर गावातल्या कुठल्याही गरोदर बाईची ओटी आईनं भरली नाही. तिला बोलावत नसत, बोलावलं तर भांड्यांपाशी बसवत. नवरा जिवंत, कपाळाला कुंकू, आणि वागणूक अशी. बाबा मूग गिळून बसले. ते वाईट नाहीत, पण गप्प बसणाऱ्या माणसाचं चांगलं असणं बायकोच्या काय कामाचं, हे मला अजून कळलेलं नाही.

आता मी बंगळूरला असते आणि पीएचडी करते. आईला सांगताना मी म्हणते, "माशांची अंडी बघते." तिला वाटतं मत्स्यखात्यात लागले. बोटाच्या पेराएवढे, निळ्या पट्ट्यांचे मासे आमच्या लॅबमध्ये काचेच्या टाक्यांत असतात. सकाळी त्यांनी अंडी टाकली की मी ती पिपेटनं गोळा करते आणि मायक्रोस्कोपखाली धरते. अंड्यात सुरुवातीला एकच पेशी असते. तिच्या दोन होतात, दोनाच्या चार. बघता बघता पेशींचा ढीग होतो, ढिगाला पुढचं-मागचं कळायला लागतं, आणि दुसऱ्या दिवशी त्यातून डोळा तुमच्याकडं बघतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आमच्या परातीतली गाभोळी आठवली. तिच्यातला एकेक दाणा म्हणजे एकेक पेशी, आणि आम्ही ती हळद-मीठ लावून तळायचो.

मी ज्या पेशींवर काम करते त्या घर सोडणाऱ्या पेशी आहेत. गर्भाचा मेंदू घडत असतो तिथं, पाठीकडच्या काठावर, त्या तयार होतात. मग काठ सोडून निघतात आणि दोन्ही बाजूंनी चालत पुढं येतात. आम्ही त्या चमकतील अशी सोय केलेली असते, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत त्यांची रांग हिरवी दिसते. जिथं पोचतात तिथं त्या जबडा होतात, गाल होतात. माशाला आपल्यासारखा ओठ नसतो, पण माणसाचा ओठ ज्या पेशींतून होतो त्या ह्याच जातीच्या. डावीकडून येतात, उजवीकडून येतात, काही वरून उतरतात, आणि नाकाखाली भेटून एक होतात. कधी एका बाजूच्या कमी पडतात, कधी उशिरा पोचतात, कधी भेटूनही जुळत नाहीत. मग माझ्यासारखी मुलगी जन्मते.

आणि हे सगळं कधी होतं? दुसरा महिना पुरा व्हायच्या आत. बाईला दिवस गेलेत हे धड तिलाही कळलेलं नसतं तेव्हा. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. सातव्या महिन्यात जिताडा कापला जात होता तेव्हा माझा ओठ जसा व्हायचा तसा होऊन कितीतरी महिने झाले होते. आईनं त्या दिवशी मासा कापला असता, लाकडं फोडली असती, नाहीतर पाटावर मांडी घालून देवाचं नाव घेत बसली असती, तरी मी अशीच जन्मणार होते. एवढी साधी गोष्ट. शाळेच्या पुस्तकात दोन ओळीत मावेल अशी. ती आमच्या गावात कुणी का पोचवली नाही? माझं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी आईला टाक्यांची काळजी सांगितली, औषधं सांगितली. "बाई, यात तुमची चूक नाही," एवढं म्हणायला त्यांचं काय गेलं असतं?

राग फक्त गावावर काढते असं समजू नका. इथं आमच्या लॅबमध्येही ग्रहणाच्या दिवशी, दिवसभर गर्भाची चिरफाड करणारी शिकलेली माणसं दुपारीच घरी गेली. "आपण मानत नाही, पण घरच्यांसाठी," म्हणाली. कँटीनही बंद होतं. मी बिस्किटं खाल्ली, सुईनं अंडी टोचली आणि मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घातल्या.

यंदा माझी वहिनी, पल्लवी, पोटुशी राहिली. सातव्या महिन्यात डोहाळजेवण ठरलं. मी आईला फोन केला आणि विचारलं, तू कुठली साडी नेसणार. ती म्हणाली, "मी भात बघीन गो. मानसं लय हायत." मला कळलं. सुनेचं डोहाळजेवण, स्वतःच्या घरात, आणि सासू भाताच्या टोपापाशी. मी भावाला फोन लावला. तो म्हणाला, "तू दोन दिवस येशील, भांडशील आणि जाशील. आमाला इथं ऱ्हायाचं हाय." घर सोडून गेलेल्यांना हे वाक्य कधी ना कधी ऐकावंच लागतं. ते खरं असतं म्हणून जास्त झोंबतं. तरी मी गेले.

अंगणात मांडव होता. पल्लवी हिरव्या साडीत झोपाळ्यावर, बायका ओळीनं ओटी भरत होत्या, आत्या ताट धरून कोणाची पाळी ते सांगत होती. आई आत. मी आत्याला विचारलं, आई कधी भरणार? ती म्हणाली, "शुभ कामात नको तो विषय नको." माझा आवाज चढला, नाही म्हणत नाही. सगळ्या बायका ऐकत होत्या तर ऐकू देत. मी म्हटलं, "आत्या, पेणला गणपती साच्यातून काढतात, दोन बाजू वेगळ्या निघतात, मग सांधा बसवतात. सांधा तिथंच हुकला असेल तर मागून रंग देणाऱ्याला कोणी धरतं का? माणसाच्या ओठाचा सांधा दुसऱ्या महिन्यातच बसतो. माझा तेव्हाच हुकला. गिराण आलं सातव्यात."

आत्या हुशार आहे, मला तिचा कितीही राग येवो, हे मान्य करते. ती थांबली आणि तिनं नेमकं विचारलं, "मंग हुकला कशानं? ते सांग." आणि मला खरं बोलावं लागलं. कधी ते रक्तातून येतं, कधी काही कमी पडतं, बऱ्याचदा कारण सापडतच नाही. "माझ्या बाबतीत माहीत नाही," मी म्हटलं. आत्यानं बायकांकडं बघितलं. "बगा. एवढी शिकली, तरी तिला पन ठाव नाय." दोघीतिघी हसल्या. मला रडू येईल असं वाटलं, आणि ते त्या बायकांसमोर यायला नको होतं. ज्याला काही माहीत नाही त्याची खात्री केवढी पक्की असते, आणि आम्ही आयुष्य घालवून शेवटी 'माहीत नाही' म्हणतो.

आई दारात येऊन उभी होती हे मला तेव्हा दिसलं. हाताला भाताची पेज तशीच. ती बायकांकडं बघत नव्हती, आत्याकडंही नाही. तिनं मला विचारलं, "आबा जिताडा घेऊन आलं, तवा तुजा व्होट व्हऊन गेलेला?"

"हो आई. कधीच."

"नक्की?"

"कशानं झालं ते ठाऊक नाही. पण त्या माशानं नाही, हे नक्की."

ती उंबरा ओलांडून मांडवात आली. मग आत्याकडं वळली. "वन्स, कापाया तुमीच सांगितलात. त्याचं मी कदी काय बोलले नाय. माज्या हाताला तुमी नावं ठेवलीत, ठेवा. पन माजा बाप त्या दिसापासनं माज्या उंबऱ्यात आला नाय. नातीचं तोंड मीच मोडलं म्हनायचा. जिताडा खायाचा सोडला त्यानं. तसाच गेला."

हे मला माहीत नव्हतं. आबा आमच्याकडं येत नाहीत ते गुडघ्यांमुळे, असं आम्हाला सांगितलेलं होतं. मी सुट्टीत खारेपाटात जायचे तेव्हा ते माझ्याशी बोलताना तोंडाकडं बघत नसत, तळ्याकडं बघत. मला वाटायचं त्यांना माझा ओठ आवडत नाही. इतकी वर्षं मी आईच्या वतीनं चिडत होते आणि त्या म्हाताऱ्याचा हिशेबच धरला नव्हता.

मांडवात कोणी हसलं नाही. आत्यानं ताट खाली ठेवलं आणि तिथंच बसली. माफी मागितली नाही. पल्लवीनं झोपाळ्यावरूनच पदर पसरला आणि म्हणाली, "आई, तुमी भरा. हात धुवाया नको." आईनं तरी हात धुतले. मग तांदूळ घेतले, नारळ घेतला, आणि ओटी भरली. तिला क्रम आठवेना, एक म्हातारी बाई तिला हळूच सांगत गेली.

मी परत निघाले तेव्हा आई बरोबर स्टेशनावर आली, आणि गाडीतही चढली. पिशवीत एक छोटा डबा होता. नागोठणं गेल्यावर तिनं तो उघडला आणि चालत्या गाडीत माझ्या तळहातावर दही घातलं. साखर भरपूर होती. मी विचारलं, कुठं निघालीस? म्हणाली, "पेनला उतरते. दादाला, तुज्या मामाला, सांगते. आबांच्या तळ्यावर बी जाऊन येते."

माझा राग गेलेला नाही. गावात अजून ग्रहणाला पोटुश्या बायका कोंडून बसवतात, आणि मी गेल्यावर आत्यानं काय काय म्हटलं ते पल्लवीनं फोनवर सांगितलंच. तिथं राहायचं त्यांना आहे, हेही खरंच. मी ज्या पेशी बघते त्या एकदा निघाल्या की माघारी जात नाहीत. पोचतील तिथंच त्यांना काहीतरी व्हावं लागतं. मी बंगळूरला काहीतरी होतेय, आणि कुणी घर कुठं विचारलं तर निडी सांगते. पण सांगताना डोळ्यापुढं निडी येत नाही. पेणचं स्टेशन येतं. मी खिडकीत बसलेली, हात दह्यानं चिकट, आणि आई पदर खोचून फलाटावरून भराभर चाललेली, बापाला सांगायला.