चुकीच्या जागी आमेन

चर्चमध्ये त्यांना सगळे आमेनकाका म्हणत. खरं नाव रजिस्टरात असेल कुठेतरी. हाक मारायला ते कोणाला लागलंच नाही. धंदा पत्र्याचा. बादल्या, पेट्या, नरसाळी ठोकायची, गळक्या डब्यांना डाग द्यायचा. जन्मभर पत्रा ठोकून ठोकून कान गेले. एकदम नाही गेले. आधी पाखरं गेली, मग शेजाऱ्यांची भांडणं, मग बायकोची कुरकुर. "बरंय बाई तुमचं," ती म्हणायची, आणि हे त्यांना तिच्या ओठांवरून कळायचं. पुढे तीही गेली.

कानाचं यंत्र आणून पाहिलं. पण चर्चमध्ये त्यातून पाळकसाहेब सोडून बाकी सगळं ऐकू यायचं: खोकले, चपला, बाकांची करकर. दिलं टाकून कपाटात.

तरी रविवार कधी चुकवला नाही. गीत सुरू झालं की कुठलं कडवं चाललंय ते शेजाऱ्याच्या बोटावरून बघायचं. प्रवचन म्हणजे लांबवर हलणारे ओठ. प्रार्थनेला मात्र काका डोळे मिटत, आणि डोळे मिटले की ओठही गेले. मग शेवट कळायचा कसा? अहो, जुने पाळकसाहेब प्रार्थनेत घरोघरच्या आजाऱ्यांपासून राज्यकर्त्यांपर्यंत सगळ्यांना फिरवून आणत, आणि दर वेळी तेवढाच वेळ घेत. तो वेळ काकांच्या अंगात मुरला होता. बरोबर शेवटाला छातीतून आमेन निघायचं, ते असं की पुढच्या बाकावरचं तान्हं दचकून भोकाड पसरायचं. बाहेर आल्यावर लोक पाठीवर थाप मारून कानात ओरडत, "काका, छप्पर आहे ना जागेवर?" आठवडाभरात कोणाचा हात अंगाला लागायचा तो एवढाच.

मग नवे पाळक आले. तरुण, आणि माणूस चांगला, उगीच खोटं कशाला बोला. त्यांचं म्हणणं एवढंच, की मुख्य तेवढं धरा. प्रभूवर विश्वास, त्याचं वचन, प्रार्थना, प्रभुभोजन, एकमेकांवर प्रीती. बाकी फाफटपसारा कमी करा. बोलणं पटण्यासारखं होतं, आणि पहिली कात्री त्यांनी स्वतःच्याच प्रार्थनेला लावली.

झालं! त्या रविवारी प्रार्थना कधीच आटोपली होती. लोकांनी डोळे उघडले, पाळकसाहेबांनी सूचना सांगायला घेतल्या. काका आपले डोळे घट्ट मिटून जुन्याच अंदाजाने बसलेले. मंडळीत एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. "आपल्या शिवणवाल्या बाईंच्या धाकट्या बहिणीला गुरुवारी प्रभूने बोलावून घेतलं," पाळकसाहेब म्हणाले, आणि काकांनी त्याच क्षणी ठणकावलं, "आमेन!"

मागे कोणीतरी फस्सकन हसलं. शिवणवाल्या बाई उठल्या, तोंडाला रुमाल लावून तडक बाहेर पडल्या. शेजाऱ्याने हातवारे करून झाला प्रकार समजावला, तेव्हा काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोनेक दिवसांनी मंडळीचे सेक्रेटरी दुकानात आले. गृहस्थ मऊ बोलणारे, पण काकांशी मऊ बोलून उपयोग काय? रस्त्याला ऐकू जाईल असं त्यांना ओरडावं लागलं. "काका, यापुढे मनातल्या मनात म्हणा! देवाला मनातलंही ऐकू येतं!"

"देवाला येतं हो," काका म्हणाले. "मला नाही येत ना."

खरंच होतं ते. त्या आमेनचा तेवढा एकच आवाज त्यांना अजून कळायचा, कारण तो कानातून नाही, हाडांतून यायचा. पण सेक्रेटरींना दुसरीकडे जायचं होतं.

काकांनी तोंडाला कुलूप घातलं. प्रार्थना आली की दात आवळून बसत. आमेन घशाशी येई, ते आवंढ्यासारखं गिळून टाकत. बाहेर आल्यावर छपराची चौकशी कोण करणार? लोक मान हलवून पुढे जात. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, बोलायला विषयच उरला नव्हता. काका घरी येऊन एकाच ताटात वाढून घेत, आणि त्या घरात त्यांना इतकं एकटं वाटे, की बायको गेली तेव्हाही एवढं वाटलं नव्हतं.

शेवटी एका संध्याकाळी पाळकसाहेब स्वतः आले. काकांच्या समोर, तोंड दिसेल असे बसले आणि सावकाश म्हणाले, "काका, तुम्हाला ऐकू येत नाही. एवढी पायपीट कशाला? मी प्रभुभोजन घेऊन घरीच येत जाईन."

भल्यासाठीच म्हणाले बिचारे. पण काकांना तेवढा एक बाक होता, तोही चालला.

"साहेब, मी ऐकायला येतच नाही," ते म्हणाले. आवाज नको तेवढा मोठा झाला. "मी हो म्हणायला येतो. तुम्ही सगळे मिळून देवाकडे जे काय मागता, त्याला माझं हो. दुसरं मला काय येतं?"

पाळकसाहेब मग म्हणाले, "मला ते पटतंय काका. पण दुखावल्यात त्या बाई. आधी त्यांना भेटा."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका गेले. दारापाशी चपला एकाच माणसाच्या होत्या. आत शिवणयंत्र, कापडांचे ढीग, आणि भिंतीशी एक रिकामी खाट, गादी गुंडाळून ठेवलेली. बाईंनी स्टूल पुढे सरकवलं. काकांनी हात जोडले. "बाई, मी मुद्दाम नाही हो म्हटलं. चुकलो मी."

बाई मान हलवत राहिल्या. मग त्यांच्या अगदी समोर बसल्या आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "तुमचा राग नाही आला मला. ती फार वर्षं अंथरुणाला खिळली होती. रोज ओरडायची. शेवटी शेवटी मी देवाला म्हणत होते, ने तिला. ने एकदाची. कोणाला माहीत नव्हतं. आणि तुम्ही सगळ्यांदेखत त्याला आमेन म्हणालात! वाटलं, पकडलं मला कोणीतरी."

काकांनी जोडलेले हात खाली घेतले.

"तेव्हापासून मला प्रार्थना करता येत नाही," बाई म्हणाल्या. "काय तोंडाने करू?"

काकांना उपदेश कुठला सुचायला? त्यांनी स्टूल जरा जवळ ओढलं. "करा," ते म्हणाले. "वाटेल ते बोला. मी डोळे मिटतो. मला एक अक्षर कळायचं नाही."

त्यांनी डोळे मिटले. समोर बाई बोलत असतील किंवा नसतील. रडत असतील, भांडत असतील देवाशी, माफी मागत असतील. काका थांबले, अजून थांबले, आणि मग जे काय मागितलं असेल त्या सगळ्याला त्यांनी छातीतून म्हटलं, "आमेन!"

खिडकीची काच थरथरली. डोळे उघडले तर बाई भरल्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत होत्या.

"अहो काका, अजून संपलं नाही माझं."

"मग चालू द्या की," काका म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटले. "मी परत म्हणेन."