इभूत लावलेला डायनासोर

सिरसाळ्याच्या बाजारात मन्मथप्पाचं किराणा दुकान आहे. गडी इतका कट्टर, की समोर कुणी अंड्याचं नाव काढलं तरी उठून चूळ भरतो. मी मुद्दाम काढतो. त्याच मन्मथप्पानं यंदा एका मांसखाऊ जनावराच्या नावानं अख्खं घर सजवलं. आता ही बातमी गावभर वाटली नसती तर मला जेवण पचलं असतं का?

झालं असं, की नात वर्षाराणी पाच वर्षांची होणार होती आणि तिला वाढदिवस डायनासोरचाच पाहिजे होता. आजोबानं लई मनावर घेतलं. चौकात फ्लेक्स लागला. शुभेच्छुकांच्या रांगेत माझा फोटो डायनासोरच्या जबड्याशेजारी. आमच्या मंडळींनी विचारलं, "डावीकडचे तुमीच ना?" मन्मथप्पाच्या घरच्या गंगासागर वहिनी उंबऱ्यापासून रांगोळीनं तीन बोटांची पावलं काढत निघाल्या आणि मधेच थांबल्या.

"आवो, येणारी काढू का जाणारी?"

"येणारीच काढ. पाव्हणा हाय त्यो."

केक परळीहून सकाळीच आला. बिनअंड्याचा, हिरवागार, लांब मानेचा. पूजा आटोपून मन्मथप्पा रोजच्यासारखा घरातल्या सगळ्यांच्या कपाळी इभूत, म्हणजे पूजेतलं भस्म, लावत होता. राणीनं केकचा खोका पुढं सरकवला.

"आप्पा, ह्याची राह्यली."

त्यानं हसत केकच्या कपाळावर तीन बोटं ओढली. "घे. झाला आता आपल्या घरचा."

संध्याकाळी गाव जमलं. मेणबत्त्या विझल्या, टाळ्या पडल्या आणि राणीनं सुरी खाली ठेवली.

"न्हाई कापायचं. घरचा हाय त्यो."

लोक हसले. शेजारचा बद्रीनाथ ओरडला, "काप की बाई! दुपारपून उपाशी हाय आमी. आप्पा, तुमचं घरात चालतं का न्हाई?"

तेवढं मन्मथप्पाला लागलं. त्यानं नातीचा हात मुठीत धरला आणि सुरी दाबली. नेमकी मानेवर. आतून लाल जेली ओघळली.

पोरगी रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती आपला हात फ्रॉकला पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशी आजोबा इभूत घेऊन जवळ गेला, तर तिनं दोन्ही तळव्यांनी कपाळ झाकलं. "मला न्हाई लावायची. लावल्यावर कापतेत."

वहिनींनी हे सांगितलं तेव्हा मी हसायला तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.

दुकानात मन्मथप्पा साखर मागणाऱ्याला मीठ बांधत होता. तेवढ्यात राणी आतून ताटली घेऊन आली. ताटलीत केकचं उरलेलं शेपूट.

"ह्याची माफी माग."

गिऱ्हाईकं बघत होती. मन्मथप्पा गादीवरून उठला, त्यानं शेपटापुढं हात जोडले. "चुकलं माझं."

बद्रीनाथ फिसकन हसला. "आप्पा, शेपटाला?"

"गप बे! काल तुझं ऐकलं म्हणून ही येळ आली."

"त्याला विचार, दुखलं का," राणी म्हणाली.

मन्मथप्पा खाली वाकला. "लई दुखलं का रं, बाबा?" आणि शेवटच्या शब्दाला त्याचा आवाज फाटला. बद्रीनाथसुद्धा खाली बघायला लागला.

राणीनं शेपटाला कान लावून ऐकलं.

"लई, म्हणतो," ती म्हणाली आणि ताटली उचलून आत गेली. मन्मथप्पाचे हात जोडलेलेच राहिले.