चार व्होल्टचा पंखा

फवारणीचा पंप बिघडला की ढोकीतलं कुणीबी विरुपाक्षदाजींचंच दुकान गाठतंय. माझं शिलाईचं दुकान त्यांच्या भिंतीला लागून. त्यांची बायको कस्तुराबाई, म्हंजे माझी अक्का. रक्ताचं नातं न्हाय, पर सख्ख्या बहिणीपरीस जास्त.

अक्काची फुफ्फुसं पार निकामी झाल्याली. तोंडावर वारं आलं की तेवढाच जिवाला आराम, आन् लाइट तर कवाबी जायची. संधिवातानं बोटं वाकडी, बटण दाबणं जमंना. म्हणून दाजींनी नुसतं बोट टेकवलं की फिरंल असा बॅटरीचा पंखा करायला घेतला.

मोटर खेळण्यातली, मोबाइलच्या जुन्या बॅटरीवर गरगर फिरायची. अडलं ट्रान्झिस्टरवर. बोट टेकल्यावर मोटरीला करंट सोडायचं काम त्याचं. दाजींनी एका मोडक्या इन्व्हर्टरमधला जाडजूड काढला.

"दणकट हाय, कडूबाई! ह्यो जळायचा न्हाय."

पंपाच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर तपासला, फटकन चालू झाला. सगळी हयात बारा व्होल्टवर काम केल्याला माणूस, दुसरं सुचणार कसं? घरी मोबाइलच्या बॅटरीवर, म्हंजे चार व्होल्टवर जोडला, तर त्यो अर्धवटच उघडायचा. पंखा कसाबसा फिरायचा आन् ट्रान्झिस्टर बोटाला चटका बसंल इतका तापायचा.

दाजींनी कपाळावर हात मारला. "काय अक्कल माझी! चार व्होल्टात पुरता उघडतो असला बारका पायजे. लातूरला मिळंल. आत्ता जाऊन येतो."

अक्का म्हणली, "ऱ्हाऊ द्या की ते. आज लई कोंडतंय. बसा जरा माझ्यापाशी, पुठ्ठ्यानं वारं घाला."

"पुठ्ठ्यानं किती वेळ घालणार? दुपारपत्तुर येतो," म्हणले, आन् गेले की हो! असला राग आला मला. बाई काय मागतीया, हा माणूस काय आणाया निघालाय!

मग म्याच पुठ्ठा घेऊन बसले. बाराच्या सुमाराला दम लईच वाढला. दवाखान्याची गाडी बोलावली, दाजींना फोनवर फोन केले, लागंना. अक्का सारखी दाराकडं बघायची. "आले का गं?" म्हणली. म्या म्हणलं, "आले, आले, फाट्यावर हायेत." थोड्या वेळानं पुन्हा तेच विचारलं. गाडी यायच्या आत संपलं सगळं.

दाजी आले तवा अंगणात माणसं जमली होती. हातात कागदाची पुडी तशीच. अक्काच्या उशाला बसले आन् मला विचारलं, "काय म्हणली का गं ती? माझी आठवण काढली का?"

जिभेवर आलं होतं, बसा म्हणली होती ना ती! पर त्यांचं तोंड बघून बोलवंना.

"न्हाय दाजी," म्या म्हणलं, "झोपेतच गेली."

तवापासनं दोन-चार दिवसाला दुकानात येतात. "खरंच झोपेत गेली ना?" विचारतात. म्या मशिनीवरची मान वर न करता व्हय म्हणते.