गिटारला मिरजेची जवारी

आमच्या ह्यांची गिटार एका कुळातली नाही. लाकडी पोट तेवढं तरुणपणच्या ऑर्केस्ट्रातलं, माळ्यावर माझ्या पापडाच्या डब्यांमागं पडून राहिलेलं. दांडी सांगलीच्या जुन्या बाजारातली. तारा पिळायच्या खुंट्या आणि आवाज उचलणारा पिकप मोबाइलवरून मागवलेला. उंब्रजला आमच्या जेवायच्या टेबलावर पंधरा दिवस हाच संसार मांडलेला, आणि आम्ही दोघं खाली पाट घेऊन जेवतोय.

घाईचं कारण असं, की रविवारी साताऱ्याला ऑर्केस्ट्रातली जुनी मंडळी जमणार होती. ह्यांनी फोनवर सांगून टाकलेलं, "सुरुवातीचा तुकडा मीच वाजवणार, पहिल्यासारखा." आता बोटं कुठं पहिल्यासारखी राहिलीत? नुसत्या दांडीवर फिरवून बघायचे, तर तिसरं बोट दरवेळी मागं राहायचं. मग माझ्याकडं असं बघायचे, जणू मीच ते धरून ठेवलंय.

सगळं जमलं, घोडी तेवढी मिळेना. घोडी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी. शेवटी मिरजेला एका सतार करणाऱ्या कारागिरांना गाठलं. शनिवारी त्यांनी हाडाची घोडी हातात ठेवली, अगदी दागिन्यासारखी. घरी येऊन तारा चढवल्या, वायर जोडली, तार छेडली, तर गिटार चक्क सतारीसारखी गुणगुणायला लागली! कारागिरांनी घोडी घासून तिला सतारीची ती गुणगुण, म्हणजे जवारी, लावून दिली होती.

ह्यांनी तिथल्या तिथं फोन लावला. "आवं, गिटार हाय ती!"

"ठाऊक हाय की काका," ते म्हणाले. "पर आमच्या हातनं घोडी जवारीबिगर भाईर जात न्हाई. तार मुकी वाटती. नगं असंल तर सोमवारी या, काढून देतो."

सोमवारी! हे पलंगावर बसले ते बसलेच. "मी जात नाही उद्या. हसतील सगळे."

"हसू देत की," मी म्हटलं. "तेवढ्यासाठीच जमतायत सगळे. तुम्ही जात नसाल तर मी जाऊन वाजवते."

ह्या धमकीनं उठले.

रविवारी वाजवलं. तिसरं बोट दोनदा मागं राहिलं, एक सूर तर भलतीकडंच गेला. पण त्या गुणगुणीत कुठला सूर चुकला आणि कुठला मुद्दाम लांबवला, कुणाला कळेना. त्यांचे ढोलकीवाले मित्र डोळे पुसत म्हणाले, "गड्या, लय खोल वाजवाया लागलास की रं! ह्यो आवाज कुठनं आणलास?"

हे माझ्याकडं न बघता म्हणाले, "मिरजेत खास करून घेतला."

माझ्या तोंडात बटाटेवडा होता, हे त्यांचं नशीब.

सोमवारी मी साडी बदलून तयार. "चला, जवारी काढून आणू."

"राहू दे गं," हे म्हणाले. "त्यांना बिचाऱ्यांना कशाला त्रास?"