तीन सायकली आणि चांदणी चौकाचा चढ

डिसेंबरात आमचं ऑफिस कर्वे रस्त्यावरून उठून सूसला, डोंगरापलीकडच्या काचेच्या इमारतीत जायचं ठरलं आणि प्रत्येकाच्या टेबलावर एक फॉर्म आला. नव्या जागी येणार की नाही? येणार तर कसे? मी सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहिते. वय सत्तावन्न, निवृत्तीला तीन वर्षं. कंपनीची बस निम्मं पुणं फिरून दोन तासांनी पोचवते. स्कूटरवरून मी दोनदा पडले आहे, त्यामुळे तिला घरात बंदी. कॅलिफोर्नियातला मुलगा फोनवर म्हणाला, "आई, सोड आता नोकरी." अगदी प्रेमानं म्हणाला, आणि मला इतका राग आला की फोन ठेवताच मी ठरवलं, सायकलनं जायचं.

आमचे हे बँकेतून निवृत्त होऊन पेपर वाचतात. पेपर खाली न घेता म्हणाले, "चांगलं आहे. सायकलवरून पडलं तर निदान आपल्याच वेगानं पडतो."

फॉर्म द्यायला तीन आठवडे होते, म्हणजे हाताशी तीन रविवार. कोथरूडहून सूस बारा-तेरा किलोमीटर. भुसारी कॉलनीच्या पुढे चांदणी चौकाचा चढ सुरू होतो. तो संपला की बावधन, तिथून पाषाणपर्यंत उतार, आणि मग सूसचा रस्ता. तो कुठे डांबरी, कुठे मुरूम, कुठे नुसती पसरलेली खडी.

सायकल मला नवी नव्हती. कॅम्पातल्या कॉन्व्हेंटमध्ये मी सायकलनंच जायचे. काळी लेडीज सायकल, स्कर्ट अडकू नये म्हणून मागच्या चाकाला जाळी. पायडलवर उभं राहिलेलं सिस्टरना चालत नसे. मुलींनी बसूनच सायकल चालवायची असते, असं त्यांचं ठाम मत, आणि मी ते आजवर पाळत आले आहे. पण तेव्हाचं आमचं पुणं सपाट होतं. लकडी पुलाचा चढ हाच आमचा हिमालय.

नाना पेठेतल्या दुकानात गेले. काउंटरमागचे काका माझ्याकडे नाही, माझ्या चपलांकडे बघत होते.

"सायकल चालवायचीय की गॅलरीत ठेवायचीय?"

"चालवायचीय. रोज. चढ आहे, खडी आहे."

"मग घाई करू नका. अनामत ठेवा, दर रविवारी एक घेऊन जा. परत आणताना पुसून आणा."

पहिल्या रविवारी जाड, दातेरी टायरची डोंगरी सायकल घेतली, पुढे शॉकअप लावलेली. तिच्यावर बसल्यावर मला हत्तीवरून मिरवणूक निघाल्यासारखं वाटलं. खडीवर ती लोण्यासारखी जाते. पण चढावर प्रत्येक पायडलला पुढचा शॉकअप डुलतो आणि निम्मी ताकद त्या डुलण्यातच जाते. अर्ध्या चढावर उतरले. तिथे पाटीत पेरू घेऊन एक बाई बसल्या होत्या, बावधनच्या. मी सायकल ढकलताना पाहून म्हणाल्या, "सायकल तुमाला न्हेतीया, का तुमी सायकलला?"

मी हसत हसत अर्धा किलो पेरू घेतले. उत्तर नसलं की खरेदी करावी.

दुसऱ्या रविवारी बारीक टायरची रेसर. काय सांगू, पौड रस्त्यावर मी अक्षरशः उडत होते. सोळा वर्षांची झाले होते, फक्त कंबर सत्तावन्नची होती. चढ मात्र पहिल्या वेळेपेक्षा थोडाच जास्त चढता आला, मग उतरलेच. पुढे सूसच्या खडीवर चाक असं सटकलं की एका म्हशीनंही मान वळवून पाहिलं. ओणवं बसल्यामुळे दिवसभरात मी फक्त रस्ता आणि स्वतःचे गुडघे पाहिले.

तिसरी होती हायब्रिड. टायर मध्यम रुंदीचे, शॉकअप नाही, हँडल सरळ, गिअरच्या दातेरी चकत्या पुढे तीन, मागे सात. काकांनी मडगार्ड आणि कॅरिअर लावून दिलं. डबा आणि बदलायचा कुडता पाठीवर नको, कॅरिअरच्या पिशवीत ठेवा, पाठ घामेजत नाही, हा त्यांचा सल्ला तुम्हीही ऐका. ही सायकल मला पाहताक्षणी आवडली. आणि तरीही चढाच्या शेवटच्या वळणाआधी मी उतरलेच. पेरूवाल्या बाई या खेपेला काही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

उद्या फॉर्म द्यायचा होता. मी तशीच दुकानात गेले आणि सांगितलं, "काका, राहू दे. सायकलींचा दोष नाही. माझंच वय झालं."

काकांनी चष्मा लावला, खाली वाकून चेन पाहिली. पुढच्या सगळ्यात लहान चकतीवरून बोट फिरवून मला दाखवलं. बोट कोरं.

"हिला चेन लागलेलीच नाही. हा गिअर वापरला नाहीत?"

"नाही. तो सगळ्यात हलका ना? म्हटलं, असू दे, अगदीच गरज पडली तर."

"आणि तुम्ही उतरलात तेव्हा गरज नाही, तर काय पडलं होतं?"

आमच्या घरात पाहुण्यांसाठीचा काचेचा सेट लग्नापासून खोक्यात आहे. चांगल्या चादरी कपाटात आहेत. मी गिअरही कपाटात ठेवला होता.

"पहिल्या सायकललाही होता," काका म्हणाले. "तोही तसाच परत आला. मी म्हटलं, बाईंनी पुसली छान."

हायब्रिड घेऊनच घरी आले आणि सोमवारी सकाळी सात वाजता तिच्यावरून निघाले. भुसारी कॉलनी मागे पडताच, चढ सुरू व्हायच्या आधीच, डाव्या हाताच्या गिअरनं चेन त्या सगळ्यात लहान चकतीवर टाकली. पाय भिंगरीसारखे फिरू लागले आणि सायकल मुंगीच्या गतीनं वर सरकू लागली. चालणारा माणूस मला मागे टाकून गेला. मोटारसायकलवरचा एक आयटीतला मुलगा ओरडला, "आंटी, सॉलिड!" पेरूवाल्या बाई म्हणाल्या, "दम हाय की अजून." मला हसू आवरेना, आणि हसल्यावर श्वास पुरेना, तरी पाय थांबले नाहीत. वर पोचले. बसूनच. सिस्टरना आवडलं असतं.

फॉर्म सूसच्या नव्या इमारतीतच द्यायचे होते; सव्वाआठला मी तिथे होते. फॉर्मवर वाहनाच्या चौकटीत बस, कार, स्कूटर एवढेच पर्याय होते. मी खाली चौथी चौकट आखली.

ज्यांना असा रस्ता आहे त्यांना सांगते : मध्यम टायर घ्या, हवा पूर्ण भरू नका, मडगार्ड लावाच. सगळं मिळून मला अकरा हजारांच्या आत पडलं. पण माझ्याजवळ उरलंय ते वेगळंच. इतकी वर्षं मी कशाकशासाठी काय काय राखून ठेवलं, याची यादी अजून संपत नाही, आणि गंमत म्हणजे वाईट न वाटता हसू येतं.

संध्याकाळी घरी आले तेव्हा पाय इतके थरथरत होते की जिन्यावरच बसले. ह्यांनी गरम पाण्याची बादली आणून समोर ठेवली, त्यात मीठ टाकलं आणि शेजारी बसले.

"उद्या सुट्टी ना?"

"नाही हो. उद्या नऊला तिथेच मीटिंग आहे."