बेसण्याला गेलेली कॉन्फरन्स

सुरतेत येऊन मला पुष्कळ वर्षं झाली, तरी अजून कुणी "कितवीपर्यंत शिकलीस?" असं विचारलं की मी विषय बदलते. सातवीनंतर माझी शाळा सुटली. शिरपूरकडच्या गावातून लग्न होऊन उधन्यात आले. नवरा हजिऱ्याला कंपनीत, आणि मी घरी बसून साड्यांवर खडे चिकटवायची. आडाजणच्या एका शाळेत दर रविवारी वेबसाइट बनवायला फुकट शिकवतात, हे मला शेजारणीनं सांगितलं. मी तीन रविवार फाटकापर्यंत जाऊन परत आले. चौथ्या रविवारी वर्ग घेणाऱ्या ताईच बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, रोज रोज फाटक बघायला येता की काय? आत या ना."

आज मी साडीवाल्यांच्या वेबसाइटी बनवते. जे काही येतं ते त्या खोलीत शिकलेलं.

म्हणून ती खोली जाणार असं कळलं तेव्हा मी हातातलं काम टाकून ताईंकडे पळाले. शाळेचे ट्रस्टी, आम्ही त्यांना काका म्हणतो, माणूस वाईट नाही. पण एका ट्यूशनवाल्याला खोली हवी होती. काकांनी ताईंना समोर बसवून सांगितलं, "बेन, तुमच्या वर्गाला येणार मूठभर माणसं. सुरतेला ह्याची गरज आहे हे मला दाखवा. दाखवलंत तर खोली तुमची."

ताई बँकेत नोकरीला असलेल्या मराठी घरातल्या, जन्म सुरतेचाच. त्या तिथल्या तिथे म्हणाल्या, "दाखवते." बाहेर आल्यावर आम्हाला म्हणाल्या, "बोलून तर बसले. आता काय करायचं?"

तशी आमची कॉन्फरन्स ठरली. एक दिवसाची, वेबसाइट बनवणाऱ्यांची आणि बनवू पाहणाऱ्यांची. भाषणं गुजराती-हिंदीत, कुणाला मराठीत बोलायचं तर मराठीत. बंगळूरहून एक पाहुणे यायला तयार झाले. कतारगामचे भाई, जे आम्हाला डिझाइन शिकवायचे, त्यांनी त्यांच्या ओळखीनं एका समाजाची वाडी, म्हणजे लग्नाचा हॉल, मिळवली. कमुरता चालू होता. त्या महिन्यात इथे लग्नं लागत नाहीत, वाड्या ओस पडलेल्या असतात. काकांना पहिल्या रांगेचं आमंत्रण दिलं. "हॉल भरलेला दिसला पाहिजे हं," काका म्हणाले.

भाईंनी कॉन्फरन्सची वेबसाइट अशी देखणी केली की लोक तिचा फोटो काढून व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवू लागले. पत्ता, वेळ, पाहुण्यांचा चेहरा, सगळं एका नजरेत. आम्हाला तर आकाश ठेंगणं झालं.

शुक्रवारी संध्याकाळी वाडीवाल्यांचा फोन आला. समाजातले एक वडीलधारे वारले, रविवारी सकाळी त्यांचं बेसणं आहे, वाडी देता येणार नाही. बेसणं म्हणजे गेलेल्या माणसाच्या फोटोसमोर हात जोडायचे, घटकाभर गुपचूप बसायचं आणि उठून जायचं, अशी इथली रीत. त्याच्यापुढे कोण काय बोलणार? ताईंनी काकांना गाठून नदीपलीकडच्या आमच्याच शाळेचा प्रार्थना हॉल मागून घेतला.

आणि मग आम्ही ते केलं जे फक्त आमच्यासारखे वेबसाइटवालेच करू शकतात. आम्ही वेबसाइट बदलली. नवा पत्ता मोठ्या अक्षरांत घातला. त्याच्याकडे सरकत जाणारा एक बाण केला. बाण केशरी हवा की लाल, ह्यावर शनिवारची दुपार गेली. सगळ्यांना ईमेल पाठवली आणि आम्ही हात झटकले. सुरतेत ईमेल कोण उघडतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. फोन नंबर आम्ही घेतलेच नव्हते. उगाच लोकांचे नंबर मागू नयेत, असं भाई वर्गात शिकवायचे.

रविवारी सकाळी मी दारातल्या टेबलावर बसले. अंगात आमचा पिवळाधमक टीशर्ट, पाठीवर 'मने पूछो', म्हणजे मला विचारा. नऊ वाजून गेले. आत पाहुणे, काका, आमची माणसं आणि खुर्च्या. खुर्च्याच खुर्च्या. काका घड्याळाकडे बघत नव्हते, आणि त्याचंच मला जास्त भय वाटत होतं. ताई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "येतील ना हो?" नेहमी मी त्यांना विचारायचे तसं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. अडचण आल्यास म्हणून वेबसाइटवर माझाच नंबर होता. एक मुलगी कुजबुजत बोलत होती.

"दीदी, प्रोग्राम केव्हा सुरू होणार? अजून भजनच चालू आहे."

"भजन? कुठे?"

"इथे, वाडीत. सगळे खाली गादीवर बसलेत. समोर एका आजोबांचा हार घातलेला फोटो आहे. ह्यांनी सुरतेत वेबसाइटी सुरू केल्या का?"

"किती जण आहात गं?"

"पुष्कळ! एक बाजू आमचीच आहे. कुणी बोलत नाही ना, म्हणून आम्हीपण गप्प."

त्यांच्याकडे जुन्या पत्त्याचा फोटो होता. वेबसाइट बदलली, पण स्टेटसवरचा फोटो कसा बदलणार?

मी ताईंना सांगितलं. भाई म्हणाले, "बाण..." आणि स्कूटरची किल्ली काढली. मग आम्ही दोघं त्यांच्या स्कूटरवर पूल ओलांडून सुटलो. रस्ताभर भाई एकच म्हणत होते, "तमे आत जा बेन, मला नाही जमणार. माझं हसू फुटेल नाहीतर रडू."

वाडीत सगळे पांढऱ्या कपड्यांत, आणि मी हळदीसारखी पिवळी. ओढणी होती ती पाठीवर घेतली, तरी एका आजीबाईंनी 'मने पूछो' वाचलंच. "बेटा, पाणी क्यां छे?" मी त्यांना पाणी आणून दिलं. दुसऱ्यांनी चपला कुठे काढायच्या ते विचारलं. तेही सांगितलं. मग फोटोसमोर हात जोडून बसले. आल्यासारखं बसणं भाग होतं. उजवीकडे बघते तो रांगाच्या रांगा आमची मंडळी. पाठीला बॅगा, मांडीवर लॅपटॉप, चेहरे गंभीर. एकजण चक्क डोळे पुसत होता.

वारलेल्या आजोबांचे मोठे चिरंजीव दाराशी उभे होते, साठीच्या घरातले. मी त्यांच्यापाशी गेले. घरी निघून जावं असं वाटलं. पण तिकडे शाळेत काका रिकाम्या खुर्च्यांत बसले होते. मी जे घडलं ते सगळं सांगून टाकलं, गुजरातीत, चुकतमाकत, आणि म्हटलं, "माफ करा, चूक आमची आहे."

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "म्हणजे ही पोरं बापुजींची नाहीत?"

"नाही हो."

"सकाळपासून मी आमच्या हिला विचारतोय, बापुजींनी म्हातारपणी एवढी जुवान दोस्ती कुठे जमवली? ती म्हणते, बागेत बसायचे ना, तिथली असतील." त्यांचे खांदे हलू लागले. ते रडतायत असं वाटून मी घाबरले, पण ते तोंडाला रुमाल लावून हसत होते. हसता हसता डोळे भरले. "आली, हात जोडले, शांत बसली. बापुजींना माणसं फार आवडायची. चहा घेतल्याशिवाय कुणाला सोडू नका हं."

"पण तिकडे आमचा हॉल रिकामा आहे..."

"मग उभ्यानं घ्या. आणि जाणार कशानं? बारडोलीच्या पाव्हण्यांची बस बाहेर नुसती उभी आहे. दुपारपर्यंत काही काम नाही तिला. घेऊन जा."

मी रांगेतल्या पहिल्या मुलीच्या कानात सांगितलं, तिनं दुसरीच्या. एकेक जण उठला, फोटोला वाकून नमस्कार करून बाहेर आला. फाटकाबाहेर पडेपर्यंत कुणी दात दाखवले नाहीत. बसमध्ये चढल्यावर मात्र जो हशा फुटला तो पूल संपेपर्यंत थांबला नाही. ज्यांना जागा मिळाली नाही ते दुचाकींवरून मागे. पुढे भाई, स्कूटरचा हॉर्न वाजवत, जणू वरातच घेऊन चाललेत.

शाळेच्या फाटकात ताई उभ्या होत्या. बस वळली, दार उघडलं, आणि माणसं उतरतच राहिली. ताईंनी दोन्ही हात तोंडावर धरले. पाहुण्यांना काय ते कळेना, ते टाळ्या वाजवू लागले.

खुर्च्या भरल्या. मागच्या भिंतीला माणसं टेकली. काका पहिल्या रांगेतून उठलेले दिसले. आता हे उशिरापायी निघून जाणार. मी त्यांच्यामागे धावले. ते जिना चढून वरच्या वर्गात गेले आणि एका बाकाचं टोक धरून मला म्हणाले, "बघत काय उभी राहिलीस? दुसरं टोक धर. लोक उभे आहेत खाली."

बाक जड होता. अर्ध्या जिन्यात आम्ही दम खायला थांबलो. खालून पाहुण्यांचं पहिलं वाक्य ऐकू आलं, मग सगळ्या हॉलचं हसू.

"ट्यूशनवाल्याला उद्या नाही म्हणून सांगतो," काका म्हणाले. "आणि ती खोली काय पुरणार तुम्हाला? रविवारी हा वरचा वर्ग वापरा. चल, उचल."

मी उचलला. बाक कुठेही न आपटता खाली आला.