संशय कोणावर

दारव्ह्याच्या कॉलेजात मी समाजशास्त्र शिकवते. त्या आठवड्यात गुन्हेगारीचे सिद्धान्त चालू होते. माणूस गुन्हा का करतो? कुणी म्हणतं गरिबीमुळे, कुणी म्हणतं संगतीमुळे. कुणी म्हणतं, फायदा दिसला आणि पकडलं जायची भीती नसली की कुणीही करतो. मला पटायचा तो शिक्क्याचा सिद्धान्त. समाज एखाद्याला आधीच चोर ठरवतो आणि मग दुसरं काही होऊच देत नाही. तो मी फार रंगवून शिकवला.

त्याच शनिवारी आमच्या विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला गेली. शेत माझ्या नावावर, म्हणून सासऱ्यांबरोबर ठाण्यात मलाच जावं लागलं. हवालदाराने विचारलं, संशय कोणावर? सासरे लगेच म्हणाले, "पारध्यांच्या बेड्यावर." त्याने ते लिहून कागद माझ्यापुढे सरकवला. माझ्या वर्गात पुढे बसणारी एक मुलगी त्याच वस्तीतली होती, हे मला ठाऊक होतं. तरी मी सही केली.

तिच्या वडिलांना ठाण्यात दोन दिवस बसवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी केबल सापडली माझ्या चुलतदिराच्या गोठ्यात. बारा एकर ओलिताचा धनी तो. काहून नेली, असं मी विचारलं तर सरळ म्हणाला, "पडून होती वहिनी. कोणी पाहून नव्हतं राह्यलं." घरचा मामला म्हणून सासऱ्यांनी तक्रार मागे घ्यायला लावली. चहा झाला, थट्टा झाली, विषय संपला. त्याला कुणी चोर म्हटलं नाही.

मी बेड्यावर गेले. मुलीच्या वडिलांनी बाज टाकली, पाणी दिलं. मी माफी मागितली. ते म्हणाले, "मॅडम, तुमी तं मले कधी पाह्यलंही नव्हतं." मुलगी आत होती, बाहेर आली नाही.

तिथून मी ठाण्यात गेले. माझा संशय चुकीचा होता, एवढं तरी लिहून घ्या, म्हणाले. तक्रारच उरली नाही तर लिहू कशावर, असं हवालदाराने मलाच विचारलं.

महिन्याभरात मुलीने दाखला काढला आणि नेरच्या कॉलेजात गेली. मला भेटली नाही. दिवाळीला चुलतदीर नेहमीसारखा फराळाला आला, आणि मी त्याच्यापुढे ताट ठेवलं.